इसोबेलची शिट्टी

ही गोष्ट खरी आहे. जिच्यावर गुदरली ती माझी सख्खी मावशी अजून हयात आहे आणि थापा मारायची तिला सवय नाही. उलट इतकी फटकळ बाई आहे, की तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपली फिरकी घेतेय.

घेत नव्हती.

गाव आमचंच, ऑखनेरी, दूर उत्तरेकडच्या थंड डोंगराळ मुलखातलं. दिवस नाताळच्या आधीचा गुरुवार. आणि वेळ... तुम्हाला वाटेल मध्यरात्र. तर नाही. दुपारी जेवणं उरकल्यानंतरची. आमच्याकडे डिसेंबरात चहाच्या वेळेलाच अंधारून येतं, भुताखेतांना रात्रीची वाट बघावी लागत नाही.

मावशीचं नाव ग्रीअर. लग्न होऊन ती क्रेगलेरीच्या शेतावर आली तेव्हा तिची तिशी उलटून गेली होती. नवरा फर्गस, बिजवर. पहिली बायको इसोबेल जाऊन दोन हिवाळे झाले होते. डोंगरावरच्या तळ्याचं पाणी गोठलेलं, त्यावर बर्फाची चादर, तिला जमीनच वाटली, आणि बर्फ फुटून ती आत गेली. सापडली तेव्हा काठावर तिची कुत्री नेल बसून होती, भुंकून भुंकून घसा बसलेली.

माझ्या आईने तेव्हाच बहिणीला सांगितलं होतं, "जिवंत सवत परवडली गं, ग्रीअर. तिच्याशी निदान भांडता तरी येतं."

ग्रीअरने ऐकलं नाही. तिला फर्गस आवडला होता.

आता सवत म्हणायचं तर इसोबेल घरात नव्हती. पण ग्रीअरला ती दिवसातून दहादा भेटायची. दाराशी तिचे गमबूट. ते ग्रीअरच्या पायाला अगदी बरोबर बसत, आणि याचाच तिला जास्त राग. चुलीवरच्या फळीवर कुत्र्यांच्या स्पर्धेत जिंकलेले तिचे चांदीचे कप. ग्रीअर बेकरीवाल्याची मुलगी, तिच्या हाताला चव. सुगीच्या जेवणाला तिने केक केला, लोकांनी ताट पुसून खाल्लं, आणि शेजारची एफीकाकू तोंड पुसत म्हणाली,

"छान झालाय हो. इसोबेल त्यात चिमूटभर सुंठ घालायची."

"मग तिच्याकडूनच मागवायचात ना," ग्रीअर म्हणाली.

एफीकाकू उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.

पण गमबूट आणि केक एकवेळ गिळता आले असते. गिळता येत नव्हती ती शिट्टी.

मेंढ्यांचं कुत्रं आमच्याकडे शिट्टीवर चालतं. अर्ध्या डोंगरावर गेलेल्या कुत्र्यापर्यंत शब्द पोचत नाहीत. डावीकडून फीर, उजवीकडून फीर, बस, एकीला वेगळी काढ, पुरे आता, परत ये... प्रत्येकाला वेगळी शिट्टी, आणि प्रत्येक मेंढपाळाची चाल आपापली. इसोबेल बोटं तोंडात घालून वाजवायची. सूर वर चढत जायचा आणि शेवटी एक छोटीशी लकेर. त्या सुरांवर तिने नेलला पिल्लू असल्यापासून तयार केलं होतं. ती गेली आणि फर्गसने त्याच चाली पत्र्याच्या शिट्टीवर उचलल्या, कारण नेलला दुसरं काही कळतच नव्हतं.

म्हणजे काय, तर ग्रीअर सकाळी चहा ओतत असायची आणि तिचा नवरा अंगणात उभा राहून पहिल्या बायकोच्या सुरात शिट्टी घालत असायचा.

वाजवताना त्याचा चेहरा बदलायचा. मऊ व्हायचा. खिडकीतून ग्रीअर ते रोज बघायची.

शेवटी एका सकाळी तिने विषय काढलाच.

"ती चाल बदल."

"कुठली?"

"शिट्टीची. सगळ्याच बदल."

"अगं, कुत्रीला कळायचं नाही."

"शिकव तिला. या घरात आल्यापासून मी सगळं नव्याने शिकतेय. तीही शिकेल."

फर्गस बराच वेळ हातातली टोपी फिरवत बसला.

"ग्रीअर, नुसती शिट्टी आहे ती."

"मग बदलायला तुझं काय जातंय?"

गावात कळल्यावर म्हातारा वॉटीकाका मुद्दाम फाटकापर्यंत आला. आयुष्यभर कुत्री तयार केलेला माणूस. "कुत्र्याची चाल कुणी बदलतं का, पोरी?" तो म्हणाला. "धनी गेला तर कुत्रं त्याच चालीवर म्हातारं होऊ द्यावं. हिला नवी चाल शिकवशील, पण जुनी विसरायला कशी लावशील?"

"काका, तुमचा चहा निवतोय घरी," ग्रीअर म्हणाली.

सगळा उन्हाळा त्यात गेला. नवी शिट्टी ऐकली की नेल सुरुवातीला जागच्या जागी थांबायची आणि मान वळवून डोंगराकडे बघायची. पण कुत्री हुशार होती. मेंढ्यांची लोकर कातरून झाली तोवर तिने नव्या चाली उचलल्या. ग्रीअर स्वतःही पत्र्याची शिट्टी वाजवायला शिकली. ती शिट्टी जिभेवर ठेवून ओठ मिटायचे असतात, हात लावावा लागत नाही.

"मला वाटलं, मी जिंकले," मावशी सांगते.

जिंकली कसली. फर्गस आता शिट्टी वाजवायचा ती नुसती कामापुरती. जुनी चाल गेली, पण तो मऊ चेहरा काही ग्रीअरच्या वाट्याला आला नाही. तो कुणाच्याच वाट्याला आला नाही.

आणि मग तो गुरुवार.

बर्फ पडणार असं रेडिओवर सांगितलं होतं. वरच्या कुरणातल्या मेंढ्या अंधार व्हायच्या आत खाली आणायच्या होत्या. गडी तापाने झोपलेला, म्हणून ग्रीअर सोबत निघाली. मफलर नाकापर्यंत ओढलेला. डोंगरावर आधीचं बर्फ होतंच, घोट्याएवढं.

वर पोचतात तोच धुकं उतरलं.

फर्गस दगडी भिंतीच्या वरच्या टोकाला थांबला, ग्रीअर खालच्या. त्याने नव्या चालीत शिट्टी घातली, नेल धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. पलीकडून मेंढ्यांचं बेंबटणं ऐकू येत होतं. सगळं नेहमीसारखं.

मग...

बेंबटणं थांबलं.

हळूहळू कमी नाही झालं. एकदम थांबलं.

वारा नाही. खालचा ओढा दिवसभर खळखळत असतो, तोही नाही. ग्रीअरला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि तेवढ्यात धुक्यातून...

शिट्टी आली.

वर चढत जाणारा सूर. शेवटी ती छोटीशी लकेर.

तुम्हाला वाटेल ती घाबरली. छे! तिचं डोकं फिरलं. सरळ मनात आलं, फर्गसने शब्द मोडला. आपण इथे गारठतोय आणि हा तिच्या आठवणीत शिट्ट्या घालतोय. ती तरातरा भिंतीच्या कडेने वर निघाली. काय काय सुनवायचं ते सगळं तोंडात तयार होतं.

फर्गस दिसला.

त्याची पत्र्याची शिट्टी गळ्यातल्या दोरीला लोंबत होती. तोंड मिटलेलं. दोन्ही हात खिशात.

आणि चेहऱ्यावर तो मऊपणा. तोच, खिडकीतून दिसायचा तो. तो ग्रीअरकडेच बघत होता, आणि चक्क हसत होता.

ग्रीअर जागीच थांबली.

पुन्हा शिट्टी. या वेळी तोकडी, तुटक. ही ग्रीअरला चांगली ठाऊक होती. बाजाराच्या दिवशी कळपातून एकच मेंढी बाजूला काढायची असते, तेव्हाची. कुत्रं दोघींच्या मधे उडी घेतं आणि एकीला नजरेने रेटत नेतं. या कामात जिल्ह्यात इसोबेलचा हात धरणारं कुणी नव्हतं. फळीवरचे कप त्याचेच होते.

धुक्यातून नेल आली. पोट जमिनीला टेकलेलं, कान मागे.

आणि फर्गस आणि ग्रीअरच्या बरोबर मधे घुसली.

"नेल? काय गं, वेडी झालीस का?" फर्गस हसतच म्हणाला. नेलने त्याच्याकडे रोखून बघितलं. तो डावीकडे सरकला, ती डावीकडे आली. तो उजवीकडे सरकला, ती तिथे. एकेक पाऊल करत तिने त्याला मागे नेलं. वर, चढाकडे. धुक्यात आधी त्याचे पाय गेले, मग टोपी गेली.

"फर्गस!" ग्रीअर ओरडली. पण आवाज मफलरातच राहिला. समोर भिंत असावी तसं ते धुकं. तिने मफलरातून शिट्टी जिभेवर सरकवली आणि जोर लावून फुंकली.

सूर उमटला नाही. नुसती वाफ निघाली.

पुन्हा फुंकली. पुन्हा वाफच.

आणि मग नेल परत आली.

या वेळी ग्रीअरसाठी.

ना भुंकली, ना गुरगुरली. नुसती बघत पुढे सरकत होती. मावशी म्हणते, "मेंढीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. कुत्रं चावत नाही. पण पाऊल मागे टाकल्याशिवाय राहवत नाही." ग्रीअर चढाकडे वळली की नेल आधीच तिथे. भिंतीकडे वळली की तिथेही. मधूनमधून वरून ती शिट्टी यायची. डावीकडून फीर. उजवीकडून फीर. पुढे हो. कुणीतरी वर उभं राहून अगदी शांतपणे, घाई न करता काम करत होतं.

पायाखाली मघापर्यंत हीदरची खुरटी रानझुडपं लागत होती.

आता लागेनात.

जमीन सपाट झाली. गुळगुळीत. चालायला इतकी सोपी, की ग्रीअरला बरंच वाटलं.

आणि खालून... लाकूड तडकावं तसा आवाज आला.

ती तळ्यावर उभी होती.

इसोबेल गेली, त्याच तळ्यावर. काठ मागे की पुढे, काही दिसत नव्हतं. आणि समोर नेल, नजर रोखून, शिट्टीची वाट बघत.

मी मावशीला विचारलं, "तेव्हा काय आलं गं मनात? घर? देव?"

"खरं सांगू?" मावशी म्हणाली. "फर्गस वर आहे आणि तिच्याजवळ आहे, हे आलं. मी इथे बुडून मेले तर आता दोघं एकत्र राहतील. मला मरायची भीती नव्हती वाटत. माझा नुसता जळफळाट होत होता."

शिट्टी सुरू झाली. पुढे हो, म्हणणारी. सूर वर चढायला लागला...

आणि वरून फर्गसची हाक आली.

"ग्रीअर!"

सूर मधेच तुटला.

"ग्रीअर! कुठे आहेस? ग्री...अर!"

असा तो कधीच ओरडला नव्हता. आवाज फाटला होता त्याचा. मूल हरवल्यावर बाप ओरडतो, तसा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा तेच नाव. इसोबेलचं नाही. तिचं.

बराच वेळ काहीच झालं नाही. नेलचे कान हलत राहिले.

मग एक शिट्टी आली. हळू, दोन सुरांची. शेवटची लकेर तिला नव्हती.

पुरे आता. परत ये.

नेल उठली, अंग झाडलं आणि एखाद्या साध्या कुत्रीसारखी पळत निघून गेली.

ग्रीअर गुडघ्यांवर बसली आणि स्वतःच्याच पावलांचे ठसे चाचपत, रांगत रांगत काठावर आली. भिंतीशी पोचली तेव्हा ओढा खळखळत होता. मेंढ्या बेंबटत होत्या. नेल त्यांना गोळा करून आणत होती आणि मागून फर्गस धावत येत होता. त्याने तिला इतकं घट्ट धरलं, की तिच्या कोटाचं बटण तुटलं.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. बाई वाचली, नवऱ्याचं प्रेम कळलं. पण मावशी म्हणते, खरी चूक त्यानंतर झाली.

घरी आल्यावर दोघं चुलीशी बसली. पाय गरम पाण्यात. फर्गस तिच्याकडे बघत होता, आणि तो चेहरा अजून तसाच होता.

"कधी शिकलीस?" त्याने विचारलं.

"काय?"

"तिच्या चाली. शेवटची ती लकेरसुद्धा अगदी तशीच. मला वाटायचं, तुला तिचं नावही नकोय. आणि तू माझ्यासाठी गुपचूप..." त्याला पुढे बोलवेना. त्याने तिचा हात हातात घेतला.

ग्रीअरच्या लक्षात आलं. मफलर नाकापर्यंत होता. शिट्टी जिभेवर ठेवून वाजवतात. त्याला वाटलं होतं, तीच वाजवतेय.

ती मी नव्हते, असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण लग्न झाल्यापासून ती याच नजरेची वाट बघत होती.

"असंच," ती म्हणाली. "ऐकून ऐकून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात तो म्हणाला, "वाजव ना एकदा." तिने ओठ फुटल्याचं निमित्त केलं. तिसऱ्या दिवशी दात दुखतो म्हणाली. मग निमित्तं संपली. तो फाटकाशी उभा, चेहऱ्यावर लहान मुलासारखी आशा. तिने शिट्टी जिभेवर ठेवली. फुंकली की सगळं उघडं पडणार होतं, तिला ती चाल येत कुठे होती! तिने डोळे मिटले. फुंकलीच नाही.

आणि शिट्टी वाजली.

फाटकापलीकडून. वर चढणारा सूर, लकेरीसकट.

"वा!" फर्गस म्हणाला.

तेव्हापासून रोज. ग्रीअर ओठ मिटून उभी राहते आणि डोंगर तिच्यासाठी वाजवतो. लोक म्हणतात, काय जोडपं आहे! या वयातही नवरा बायकोकडे कसा बघतो!

पण एक गोष्ट तिच्या उशिरा लक्षात आली.

त्या गुरुवारपासून फर्गसने तिला नावाने हाक मारलेली नाही.

अगं, म्हणतो. ऐकलंस का, म्हणतो. प्रेमाने म्हणतो. पण नाव नाही.

मी हसले होते. म्हटलं, "अगं मावशी, सगळेच नवरे असे असतात." मागच्या ऑक्टोबरात मी गेले तेव्हा माझ्यासमोर तिने त्याला म्हटलं, "भाची आलीये बघ. सांग तिला, माझं नाव काय?"

"आता हे काय खूळ?" फर्गसकाका हसला. म्हातारा झालाय, पण डोकं लख्ख आहे. "नाव विचारतेय स्वतःचं! अगं, हिचं नाव..."

आणि बाहेर...

मी स्वतःच्या कानांनी ऐकली. वर चढणारी. शेवटी लकेर.

मावशी माझ्यासमोर बसून बटाटे सोलत होती. तिची शिट्टी दाराशी खिळ्याला टांगलेली होती.

काकाचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तो खिडकीकडे वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते हसू पसरलं. "अजून काय सुरेख वाजवतेस," तो म्हणाला आणि टोपी घालून बाहेर गेला. मघाचा प्रश्न तो विसरला होता.

मावशीने बटाटे सोलणं थांबवलं नाही.

अंधार पडायच्या आत मी निघाले. ती गाडीपर्यंत आली. काका फाटकाशी पाठमोरा उभा होता, डोंगराकडे बघत. मी काच खाली केली आणि म्हटलं, "येते हं, ग्रीअरमावशी."

तिने काचेवरून हात आत घालून माझं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी म्हटलं.

"परत."

किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. प्रत्येक वेळी मी डोंगराकडे कान लावून होते. काहीच आलं नाही. हाक मी मारत होते, काका नव्हे, तोवर तिकडे कुणाला फरक पडत नव्हता.